आधी हात, मग मान

मुंजाजीराव कुणाला लांबून हाक मारत नसत.

नवीन माणसाच्या हे लगेच लक्षात यायचं, कारण आमच्या जिनिंगमध्ये बाकी सगळे ओरडूनच बोलायचे. दोन कातडी रोलर कापूस ओढून घेतात, रुई पुढं पडते, सरकी खाली. एवढंच त्या यंत्राचं काम. पण अशा यंत्रांची रांग पत्र्याखाली सुरू झाली की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. मुंजाजीराव तिथले फोरमन. हॉलच्या पलीकडच्या टोकाला एखाद्या बाईशी काम निघालं, तर ते तिथपर्यंत चालत जायचे. खाली साचलेल्या रुईतून पाय उचलत, तिला समोरून दिसेल असे जाऊन उभे राहायचे. तिनं बघितलं, हात काढून घेतला, पदराला पुसला, की मग बोलायचे. बोलणं तरी काय असायचं? ‘ती टोपली इकडं सरकव, माय.’ एवढ्यासाठी एवढं चालणं.

मी कापसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर बसतो. तेव्हाही तिथंच होतो. माझ्या खिडकीतून हॉलचं मोठं दार सरळ दिसतं, त्यामुळं हा माणूस मी सेलूला आल्यापासून रोज बघत आलो. उंच, जरा वाकलेले, भुवयांवर कायम रुई चिकटलेली. धोतर सोडून पँट घालायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण चाल धोतराचीच राहिली होती. गाव जिंतूर तालुक्यातलं बोरी. तिथं मुलगा शेती करायचा. हे आणि बायको जिनिंगच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. चहा इतका गोड प्यायचे की हॉटेलवाला त्यांचा कप वेगळा करायचा.

सकाळी हॉलमध्ये शिरण्याआधी ते बाहेरच्या नळावर तोंड धुवायचे. घरून अंघोळ करून आलेला माणूस पुन्हा तोंड कशाला धुतो, असं मी एकदा विचारलं.

“घरचं तोंड घरी ऱ्हावं म्हणून,” ते म्हणाले. “बायकोसंग काई झालं असल, पोराचा फोन आला असल. ते या बायांनी कामून बघावं?”

आणि ज्या दिवशी तोंड धुऊनही भागत नसे, त्या दिवशी ते तसं सांगून टाकायचे. सगळ्यांना दारापाशी थांबवून म्हणायचे, “आज माझं ध्यान ठिकाणावर न्हाई. तोडून बोललो तर तिथंच सांगा मला.” बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण त्या दिवशी त्याच त्यांना सांभाळून घ्यायच्या, हेही मी बघितलंय.

कुणाचं काही चुकलं तर चारचौघांत बोलायचं नाही. सुटी व्हायच्या तोंडावर बोलायचं नाही, कारण माणूस ते घेऊन घरी जातो. जेवणाआधीही नाही. मग उरतो तो दुपारच्या चहाचा वेळ, तेव्हा ते त्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचे. सांगून झालं की तो माणूस परत जाताना त्याच्या पाठीकडं बघत उभे राहायचे. चाल बदललेली दिसली, खांदे पडलेले दिसले, की थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून पुन्हा त्याच्यापाशी जायचे. मला हे जरा जास्तच वाटायचं. आमच्या मॅनेजरला तर ते निव्वळ वेळ घालवणं वाटायचं.

रुक्मिणबाई म्हणून एक बाई होती, पाथरीकडची. एका सकाळी ऑफिसात फोन आला, तिचे दादा, म्हणजे वडील, गेले. मॅनेजर दारात येऊन ओरडणारच होता, तेवढ्यात मुंजाजीरावांनी त्याच्या दंडाला धरलं. ते आधी तिच्या भावजयीकडं गेले, ती त्याच रांगेत होती. तिला बाहेर नेऊन सांगितलं. मग रुक्मिणबाईचं यंत्र बंद करवलं. ती म्हणाली, कामून बंद केलं? ते म्हणाले, पट्टा बघायचाय, चल जरा बाहेर. बाहेर आल्यावर तिला बसायला लावलं, पाणी दिलं, भावजय शेजारी येऊन बसली, आणि मग ते स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, “माय, तुझे दादा गेले.” मी काट्यावरून बघत होतो. त्यांनी गाडीही आधीच सांगून ठेवली होती. गाडी निघून गेल्यावर मॅनेजर म्हणाला, “एका निरोपाला एवढा वेळ?” मुंजाजीराव म्हणाले, “तिला हा निरोप जन्मभर आठवणार हाय, साहेब.” आणि आत गेले.

हे सगळं कुठून आलं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका रविवारी ते मला म्हणाले, मानवतला जायचंय, गाडीवर सोडता का. मी मोटारसायकल काढली. मानवतच्या बाहेर एका वस्तीत एका घरासमोर त्यांनी मला थांबवलं. आत साठीचा एक माणूस बाजेवर बसलेला होता. त्याचा उजवा हात मनगटापाशी संपत होता. मुंजाजीराव त्याच्यासमोर खाली बसले. दोघांनी पावसाचं, कापसाच्या भावाचं काहीबाही बोलणं केलं. घरातली बाई एकदा बाहेर आली, यांच्याकडं बघितलं आणि आत गेली. पाणी विचारलं नाही. थोड्या वेळानं मुंजाजीराव उठले, “येतो सुभानराव,” म्हणाले. तो माणूस “हां” म्हणाला.

परत येताना रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा ते आपणहून बोलले.

“मी तवा मानवतच्या जिनिंगात होतो. जवानीत आवाज लय मोठा होता माझा. सारी जिनिंग माझ्या आवाजाला भ्यायची, आन मला ते लय बरं वाटायचं. एक दिवस ह्याला हाक मारली. काम काईच नव्हतं, तंबाखू मागायची होती. हाक मारली की माणूस मान वळवतो. हात तिथंच ऱ्हातो.”

कप तसाच हातात धरून ते रस्त्याकडं बघत बसले. मी विचारलं, “ते काही बोलतात का त्याबद्दल?”

“कवाच न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. मी जातो. तो बसू देतो.”

ते घरी कसे होते, हे मी सांगितलं नाही तर त्यांचं हे चित्र खोटं होईल. एकदा त्यांना ताप आला होता म्हणून मी खोलीवर गेलो. ते झोपले होते. काकू बाहेर येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुमी सगळे त्याईला देवमाणूस म्हणता. आमच्यावर लय वरडतेत. भाजीत मीठ कमी पडलं तरी वरडतेत. पोरगा त्याच्यामुळंच इकडं फिरकत न्हाई. जितकं चांगलं हाय तितकं सगळं तिथं जिनिंगात सांडून येतेत, घरी काई उरतच न्हाई.” आतून त्यांच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला. ते जागे असावेत.

मग मोठे शेठ थकले आणि धाकटे शेठ कारभार बघायला लागले. माणूस वाईट नव्हता. पुण्याला शिकलेला, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. त्यानं हॉलच्या एका कोपऱ्यात उंचावर काचेची केबिन बांधली, चारी बाजूंना कॅमेरे लावले आणि पत्र्याखाली मोठे स्पीकर बसवले. केबिनमध्ये बसायचं, पडद्यावर बघायचं आणि माईकवरून नाव घेऊन सांगायचं. कुणी चालत जायची गरज नाही.

पहिल्याच दिवशी मुंजाजीराव केबिनमध्ये गेले. पावत्या घेऊन मीही तिथं होतो. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि सुभानरावांची गोष्ट सांगितली. स्वतःची चूक एवढ्या लोकांसमोर त्यांनी कधी सांगितली नसावी. मॅनेजर होता, वायरमन होता. धाकट्या शेठनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“काका, ते जुनं यंत्र होतं,” तो म्हणाला. “आता पुढं जाळी आहे. हात आत जातच नाही.”

“गठ्ठा अडकला की जाळी वर करतेत, बापू. दिवसातून कैकदा करतेत.”

“मग तेच बघायला कॅमेरे आहेत ना. कुणी जाळी वर केली की इथून लगेच ओरडता येईल.”

मुंजाजीराव टोपी घालून जिना उतरले.

त्यानंतर त्यांनी दुसरं काम हाती घेतलं. यंत्रं सुरू व्हायच्या आधी, बायांना रांगेत उभं करून ते शिकवायला लागले. “नाव घेतलं की काय करायचं? आधी हात, मग मान.” स्वतः मागं जाऊन एकेकीचं नाव घ्यायचे. जिनं आधी मान वळवली तिला पुन्हा. बायांना खेळासारखं वाटायचं. त्या बाहेर नळावर पाणी भरतानाही एकमेकींना हाक मारून बघायच्या, आणि एखादीनं आधी हात उचलला की हसायच्या. त्या हंगामात हॉलमध्ये स्पीकरवरून नाव आलं की ती बाई आधी दोन्ही हात उचलायची, छातीशी आणायची, आणि मग वळायची. लांबून ते विचित्र दिसायचं. पण मला वाटलं, जमलं ह्या माणसाला.

ज्ञानोबा नावाचा तिशीतला एक गडी त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. सेलूजवळच्याच खेड्यातला. आधी सरकी भरायचा, मग यंत्र लावायला शिकला. बोलण्यात अगदी मुंजाजीरावांची नक्कल. ‘माय’, ‘अक्का’, ‘जरा बघा बरं’ असं. त्याला कुणी आवाज चढवलेला ऐकला नाही. धाकट्या शेठनं केबिनमध्ये बसायला माणूस शोधला तेव्हा मुंजाजीरावांनीच त्याचं नाव सुचवलं. मला म्हणाले, “माईक ऱ्हाणारच हाय तर निदान हा असू द्या. हा कुणाला टाकून बोलायचा न्हाई.”

पुढच्या हंगामाला निम्म्या बाया आल्याच नाहीत. काहींच्या घरचे ऊसतोडीला गेले, त्यांच्यासोबत त्याही गेल्या. ठेकेदारानं नवी टोळी आणली. मुंजाजीरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण आता माल जास्त येत होता, यंत्रं लवकर सुरू व्हायची, आणि ठेकेदार बायांना रांगेत उभं राहू देत नव्हता. ते मग सुटीत जेवणाऱ्या बायांजवळ जाऊन सांगायचे. त्या माना हलवायच्या. माना हलवणं आणि हाताला सवय होणं वेगळं, हे त्यांना कळत होतं. “ह्यांच्या हातात अजून आलं न्हाई,” ते मला म्हणायचे. एखादीच्या हातात यायला लागलं की ठेकेदार तिला दुसऱ्या जिनिंगवर हलवायचा.

अनुसया त्या नव्या टोळीतली. अंगानं बारीक, कामाला चलाख. जेवायची सुटी झाली तरी हातातला गठ्ठा सोडायची नाही. त्या दुपारीही तिनं चालू यंत्राची जाळी वर करून अडकलेला कापूस ओढायला हात घातला होता. केबिनमधून ज्ञानोबानं बघितलं की सगळ्या जेवायला उठल्या, ही एकटीच राहिली. त्यानं माईक हातात घेतला. तो आवाज मी काट्यावर ऐकला. बाहेरच्या स्पीकरवरही यायचा.

“अनुसयाअक्का, जेवून घ्या आता.”

इतक्या मायेनं कुणी त्या स्पीकरवरून बोललं नसेल. अनुसयानं मान वर केली, केबिनकडं बघितलं आणि हसली. ती हसली, हे ज्ञानोबानं पडद्यावर बघितलं. पुढचंही त्यानं पडद्यावर बघितलं.

तिला परभणीला नेलं. जीव वाचला, हात गेला. मुंजाजीराव तिच्यासोबत गाडीत बसून गेले आणि तिचा नवरा येईपर्यंत तिथंच थांबले. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा ठेकेदार म्हणाला, बाईचं लक्ष नव्हतं. मुंजाजीरावांनी जे झालं ते सांगितलं. स्पीकरचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, रांगेत उभं राहू न दिल्याचंही सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. धाकटे शेठ खरोखर हादरले होते, त्यांनी स्पीकर बंद करायला लावले. जाळीला कुलपं लावली. पण कुलूप काढायला माणूस शोधावा लागायचा, गठ्ठे अडकून पडायचे, माल दारात थांबायचा. हंगाम संपायच्या आत कुलपं निघाली आणि स्पीकरही सुरू झाले. कुणी तसा निर्णय घेतला असंही नाही. एका सकाळी आवाज आला, एवढंच.

ज्ञानोबा काही दिवस कामावर येत होता. केबिनमध्ये जायचा नाही. खाली कोपऱ्यात सरकीच्या पोत्यांवर बसून राहायचा. एकदा मुंजाजीराव त्याच्यापाशी बसलेले होते, मी चहा घेऊन गेलो. ज्ञानोबा म्हणत होता, “मामा, मी तर चांगलंच बोललो ना? तुमच्यासारखंच बोललो.”

“हां रे. चांगलंच बोललास.”

“मग?”

मुंजाजीराव पोत्यावर सांडलेली सरकी गोळा करायला लागले. ज्ञानोबानं मग विचारलं, “हे किती दिवसांनी जातं, मामा? तुमचं गेलं का?”

मी चहा खाली ठेवला. जो माणूस कुणाला चार शब्द बोलायचे तरी वेळ बघायचा, जागा बघायचा, पाठमोऱ्या माणसाची चाल बघायचा, तो त्या दिवशी थकलेला होता. परभणीच्या दवाखान्यातून नुकताच आला होता. त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

“जात न्हाई रे,” ते म्हणाले.

ज्ञानोबानं मान हलवली. कप उचलला, चहा प्याला, कप जागेवर ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. बायकोमुलांना घेऊन पुण्याकडं गेला, कुठंतरी वॉचमन आहे, असं नंतर कळलं. फोन लागत नाही. त्याची आई एकदा काट्यावर येऊन मला विचारून गेली, पोराचा काही पत्ता आहे का. माझ्याकडं नव्हता.

मुंजाजीरावांनी हे मात्र स्वतःला कधी माफ केलं नाही. सुभानरावांबद्दल ते निदान बोलू शकत होते. हे बोलताना ते माझ्याकडं बघायचे नाहीत. “तेवढं एक खोटं बोलायचं होतं मी,” म्हणायचे. “साल-दोन सालात जातं, म्हणायचं होतं. काय गेलं असतं माझं? आयुष्यभर इतकं जपून बोललो, आन जिथं जपायचं तिथंच तोंड उघडलं.” मी म्हणायचो, तुमच्या सांगण्यामुळं तो गेला असं कशावरून? ते म्हणायचे, “त्याची चाल बघितली ना मी.”

हंगाम संपला तेव्हा त्यांनी काम सोडलं. कुणी काढलं नाही, कुणी थांबवलंही नाही. धाकट्या शेठनं शाल घातली, नारळ दिला. त्या कार्यक्रमालाही माईक होता. मुंजाजीरावांना दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि बसले. जुन्या बायांपैकी कुणीच तिथं नव्हतं. नव्यांना ते कोण, हे नीट माहीत नव्हतं. ट्रकमध्ये दोन खोल्यांचं सामान चढवून ते बोरीला गेले.

मागच्या वर्षी बोरीत एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. मुलगा शेतात होता. मुंजाजीराव घराच्या मागच्या बाजूला, गोठ्यापलीकडं एका खुर्चीवर बसलेले होते. भुवया स्वच्छ होत्या. त्यांचा चेहरा त्यामुळं मला अनोळखी वाटला. मी जिनिंगचं काही सांगायला लागलो, तर ते ऐकत होते, पण विचारत काही नव्हते. मीच शेवटी म्हणालो, “एकदा या ना सेलूला. नव्या टोळीला तुम्ही चार गोष्टी सांगितल्या तर बरं होईल.”

“न्हाई,” ते म्हणाले. “मी बोललो तरी कुणाचं काई होतं, गप बसलो तरी होतं. आता कुणाच्याच वाटंला जायचं न्हाई असं ठरवलंय. इथं बसलो म्हणजे माझ्यामुळं कुणाचं काई होत न्हाई.”

“कंटाळा नाही येत?”

“येतो की,” ते म्हणाले.

मी निघालो तर ते फाट्यापर्यंत सोडायला आले. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. मी एसटीत चढलो, खिडकीशी जागा मिळाली. ते खाली उभे होते. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली, तिला वाट द्यायला ते मागं सरकले. मग दोन पोरं सायकल ढकलत आली, ते आणखी मागं झाले. एक म्हातारा काठी टेकत येत होता, तो अजून लांब होता तरी ते बाजूला झाले. प्रत्येकाला वाट देत देत ते रसवंतीच्या टपरीच्या आडोशाला जाऊन पोचले. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून वाकून बघितलं. टपरीजवळ लोक येत-जात होते. त्यांच्यात ते कुठं दिसले नाहीत.